मूळच्या नळ्या

"गाडी पळत असताना ह्या दांडीला हात लावायचा नाही. मी मरायला टेकलो तरी नाही. कळलं?"

गगनबावड्याच्या चहाच्या टपरीसमोर, सकाळच्या धुक्यात, आमचे हे गाडीच्या दारात एक पाय ठेवून उभे होते आणि मला हँडब्रेकची लांब लोखंडी दांडी दाखवत होते. ती बैठकीच्या पुढ्यात, मधोमध, माझ्या गुडघ्याशी यायची.

"का पण?" मी विचारलं.

"आताच्या गाड्यांत हा ब्रेक चाकांना असतो. हिच्यात तो गिअरबॉक्सच्या मागं शाफ्टला आहे. गाडी उभी असली की ठीक. पळत्या गाडीत कुणी हिसका दिला तर शाफ्टच तुटायचा. मग गिअरचासुद्धा आधार गेला. राहिली गाडी आणि राहिला उतार."

"मग मी मागं हौद्यातच बसते कशी."

"अगं, भिववायला सांगत नाही. माहीत असावं म्हणून सांगतो."

माहीत झालं आणि भीती दुप्पट झाली. मला मुळात घाटाचीच भीती. कानांत दडे बसतात. या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली, पण अजूनही कुणी 'घाट' म्हटलं की माझ्या हातांच्या आपोआप मुठी होतात.

यांचं नाव जिनगोंडा मगदूम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जिन्नाप्पा म्हणून सगळे ओळखत. ट्रकच्या बॉडी दुरुस्त करायचं वर्कशॉप. दिवसभर लोकांच्या गाड्या ठोकायच्या आणि रविवारी स्वतःची. ही स्वतःची म्हणजे एक जुनी फार्गो पिकअप, आम्हां दोघांच्याही जन्माआधीची. शिरोळकडे एका गुऱ्हाळामागं पडून होती. हौद्यात कोंबड्यांनी अंडी घातलेली, बॉनेटमधून एरंडाचं झाड वर आलेलं. ती टेंपोत घालून घरी आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "लोक सून आणतात, ह्यानं सवत आणली."

किती रविवार गेले कोण जाणे. यांचा एकच शब्द असायचा, मूळची. काच मूळची, बटण मूळचं, हौद्याच्या फळ्या मूळच्या लाकडाच्या. रंगाचा मूळ हिरवा कळावा म्हणून पत्र्यावरचे आठ थर नखानं खरवडून बघितले. बैठकीची गादी मी शिवली, तीसुद्धा जुन्या फोटोत मोजून, तेवढ्याच टाक्यांची. ब्रेकच्या रबरी नळ्या मिळेनात तेव्हा बेळगावच्या एका बंद पडलेल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून खोकं शोधून आणलं. मेणकागदात गुंडाळलेल्या, एकदाही न वापरलेल्या, गाडीच्याच वयाच्या नळ्या. त्या रात्री हे जेवायचं विसरले. नळी नाकाशी धरून म्हणाले, "वास बघ. कारखान्यातनं काल आल्यासारखा."

त्या सकाळी आम्ही देवगडला निघालो होतो. तिथं जुन्या गाड्यांचा मेळावा होता. सोबत हिंदुराव सासने आणि त्यांच्या मंडळी, सुमनताई. हिंदुराव भावजींकडेही हीच फार्गो, याच सालातली. पण ती बघून हे डोळे मिटून घेत. तिला डिझेल इंजिन बसवलेलं, रुंद टायर, एका बोटानं फिरणारं स्टिअरिंग, आणि रंग लाल, असा लाल की लांबून मिरच्यांचा ढीग वाटावा. दोघांची मैत्री शाळेपासूनची आणि भांडणही तेव्हापासूनचं.

"वैनी, आज काय सोडलंयसा?" टपरीवर बशीत चहा ओतता ओतता भावजींनी मला विचारलं.

आम्ही जैन. रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, दर्शन घेऊन एखादा नियम घ्यायचा ही माझी लहानपणापासूनची सवय. कधी मीठ सोडायचं, कधी गोड. भावजींना त्याची फार मौज वाटायची.

"आज तूप," मी म्हटलं.

"आणि ह्या जिन्नाप्पाला कवा सोडताय?"

"सोडला की तू ठेवून घेशील, म्हणून भ्यायलीय ती," हे म्हणाले.

"मी? लेका, तुला ठेवून घेतला तर तू माझ्या गाडीचं इंजिन काढून ठेवशील. आधीच तुझ्या हट्टापायी गेल्या आठवड्यात त्या म्हाताऱ्या नळ्या घालून घेतल्या. म्हटलं, दोस्ताचं मन राखावं."

"एवढ्या गाडीत तेवढंच काय ते खरं आहे. बाकी सगळी वरात."

"वरात तर वरात. देवगडात लोक कुठल्या गाडीभवती जमत्यात ते बघू. तुझी म्हातारी घाट उतरंल न्हवं? का वैनींना खाली उतरून धरायला लागंल?"

"तुझ्या आधी पोचते."

"पोच की. आम्ही गडावर दर्शन करून तासाभरात तुझ्या मागं हाय."

सुमनताईंनी माझ्या ओंजळीत शेवंतीचं एक फूल ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "राजाक्का, तुम्ही पुढं जाताय ते बरं. तुमच्या मागनं जायला मला भ्या वाटत न्हाई."

वर्दळ नको म्हणून यांनी भुईबावड्याचा घाट धरला होता. धुकं निवळत होतं. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला काही नाही. नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्याखाली कुठंतरी झाडांचे शेंडे. निघायच्या गडबडीत माझा सकाळचा जप राहिला होता, म्हणून मी पदराआड माळ ओढायला घेतली. डोळे यांच्या हातांवर ठेवले.

पहिली दोन वळणं नीट गेली. तिसऱ्या वळणाआधी यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि खालून कुठून तरी 'फट्' असा आवाज आला. ओला कपडा दगडावर आपटावा तसा. यांचा गुडघा एकदम खाली गेला. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसा.

यांनी पाय उचलून परत दाबला. परत दाबला. पेडल जमिनीला लागून टक् टक् वाजत होतं, बस्स.

"अहो?"

"गप."

वळण आलं. यांनी सगळं अंग स्टिअरिंगवर घातलं. मागची चाकं कडेच्या मुरमात घसरली, खडे खाली उडाले, आणि ते कुठं पडले त्याचा आवाजच आला नाही. वळण संपलं तेव्हा गाडी आधीपेक्षा जोरात होती. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळत होतं. पहिला टाकायला गेले असते आणि गिअर पडला नसता तर गाडी मधल्यामध्ये मोकळी सुटली असती. ते त्यांना कळत होतं, आणि त्यांच्या मानेवरची शीर बघून मला कळत होतं.

"राजमती."

मी दचकले. लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. माझं नाव 'अगं'. ब्रेक गेल्याचं मला त्या 'फट्'नं कळलं नव्हतं, ते या हाकेनं कळलं.

"राजमती, दांडी धर."

"तुम्हीच म्हणालात ना, की..."

"म्हणालो. आता धर. माझे दोन्ही हात गुंतलेत. दोन्ही हातांनी धर. ओढायची नाही. विहिरीतनं भरली घागर कशी वर घेतेस, तशी घ्यायची. बुडाशी दाते आहेत, एक दात वाजला की थांबायचं."

"मला नाही जमायचं हो."

"तुझा मंत्र म्हण. एका ओळीला एक दात. मोठ्यानं म्हण, मला ऐकू आलं पाहिजे."

माझा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. आमच्या घरात सगळे म्हणायचे, हिला हाक मारायची असेल तर ही उठून जवळ येते. त्या दिवशी त्या किंचाळणाऱ्या गाडीत मी णमोकार मंत्राची पहिली ओळ ओरडले. दांडी घेतली. खालून एक कर्रर असा आवाज आला आणि माझ्या पायाखालची पत्र्याची जमीन थरथरायला लागली. मला वाटलं, तुटलं. माझ्याच हातानं तुटलं.

"बरोबर आहे! थांब. थांब... पुढची म्हण."

दुसरी ओळ. आणखी एक दात. काहीतरी जळल्याचा वास आला, लोकर जळते तसा. पत्र्याच्या फटीतून निळा धूर वर यायला लागला.

"अहो, धूर..."

"येऊ दे. वळण आहे, सोड थोडी. सोड! सगळी नाही... हां. आता परत."

मला आजही सांगता येणार नाही की आम्ही किती वळणं उतरलो. घागर वर यायची, परत खाली सोडायची, परत वर. माझ्या तोंडात मंत्र होता आणि मनात फक्त एक गोष्ट होती: हिसका नको, हिसका नको. देवाचं नाव ओठांवर असताना मनात शाफ्ट होता, ते देवानं माफ केलं असावं.

मग डाव्या हाताला, डोंगराच्या कडेनं, डांबरीकरणासाठी टाकलेला खडीचा ढीग दिसला. यांनी तो माझ्याआधी बघितला होता.

"धरून बस. आता काय राहिले असतील ते सगळे दात घे!"

ढिगात गाडी शिरली तेव्हा सगळं जग खड्यांचं झालं. माझं कपाळ पुढच्या पत्र्यावर आदळलं. नंतर एकदम शांत. रेडिएटरमधून वाफ सुसकारत होती आणि कुठंतरी एक चाक अजून सावकाश फिरत होतं.

"थांबली का?" यांनी विचारलं. गाडी थांबलेली त्यांना दिसत होती, तरी विचारलं.

"थांबली."

माझी बोटं दांडीवरून निघेनात. यांनी ती एकेक करून सोडवली.

"चाकांना दगड लाव आधी," ते म्हणाले. "मी उतरतो."

मी मोठे दगड ओढून चाकांना लावले. परत आले तर हे स्टिअरिंगमागंच बसलेले, चेहरा चुन्यासारखा. उजवा पाय अजून ब्रेकच्या पेडलवर होता. ढिगात शिरताना त्यांनी तो त्या मेल्या पेडलवर गच्च दाबून धरला होता आणि घोट्यातून पाऊल भलतीकडेच वळलं होतं.

"ते राहू दे," माझी नजर बघून ते म्हणाले. "तू खाली वाक. डाव्या पुढच्या चाकाच्या आतनं बघ. नळी कशी आहे?"

"अहो, पाय..."

"नळी बघ म्हणतो ना!"

मी खडीवर आडवी झाले. वरून काळी कुळकुळीत, चकचकीत असलेली ती नळी मधोमध उकलली होती. उकडलेली शेंग फुटते तशी. तेल टपटपत होतं.

"फुटलीय."

ते म्हणाले, "उजवीकडची बघ. ती फुटलेली नसेल. ती वाकव."

मी पलीकडे गेले. नळी अख्खी होती, माझ्या पुतणीच्या वेणीसारखी तुकतुकीत. मी ती दोन बोटांनी वाकवली. आणि तिच्या अंगभर बारीक बारीक चिरा उमटल्या. आणखी वाकवली तेव्हा तिचा एक कपचा माझ्या तळहातावर पडला. वाळलेल्या आमसुलासारखा.

तो तळहात मी यांच्यापुढं धरला. यांनी तो कपचा उचलला, चुरगळला. त्याची पूड झाली.

"एकदाही वापरलेली नव्हती," ते म्हणाले. "मेणकागदात होती. मी वापराचं बघितलं, वयाचं बघितलंच नाही. रबर पडून पडूनसुद्धा मरतं, हे मी दुसऱ्याला सांगितलं असतं."

आणि मग आमची दोघांची नजर एकदमच वर गेली. वर, धुक्यात, घाटमाथ्याकडे. खोकं एकच होतं. निम्म्या नळ्या आमच्या गाडीला आणि निम्म्या त्या लाल गाडीला. बसवल्याही यांनीच.

मघाशी आमचं मरण समोर होतं तेव्हा मला करायला काहीतरी होतं, हातात दांडी होती. आता हात मोकळे होते. ओंजळीत शेवंती ठेवणारी ती बाई त्या लाल गाडीत बसणार होती, आणि ती गाडी आमच्यापेक्षा जड होती.

"इथं उभं राहून हात केला तर?" मी विचारलं.

"इथवर तो यायला पाहिजे ना. त्याला उतार लागायच्या आधी थांबवायला पाहिजे. वरच. टपरीवर. तिथंच गाडी लावून गडावर गेलाय तो."

तेवढ्यात घुंगरांचा आवाज आला. खांद्यावर घोंगडं टाकलेला एक धनगर म्हातारा दोन म्हशी घेऊन डोंगरातून रस्त्यावर उतरला. गाडी, वाफ, माझं कपाळ, सगळं त्यानं एकदा बघून घेतलं.

"देवानंच राखलं म्हणायचं," तो म्हणाला. "रगत येतंय तुमच्या, बाई."

"बाबा, वर टपरीवर जायला जवळची वाट आहे का?" यांनी विचारलं.

"ही काय. ह्या वगळीतनं सरळ. टपरीच्या मागंच निघतीया. रस्त्यानं गेलं तर लांबचा फेरा."

मला वाटलं, हे आता म्हाताऱ्यालाच पाठवणार. त्यांच्या ओठांवर ते आलंही. मग त्यांनी मान हलवली.

"नाही. हिंदुरावला पटायचं नाही."

"का नाही पटायचं? जिवाची गोष्ट आहे."

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "गेल्या वर्षी गोव्याला जाताना मी एका ट्रकवाल्याकरवी त्याला निरोप धाडला होता. पुढं दरड पडलीय म्हणून, खोटाच. तो बिचारा फोंड्याकडून वळसा घालून आला आणि मी आधी पोचलो. सगळ्यांसमोर हसलो होतो मी त्याला. तेव्हा म्हणाला होता, 'जिन्नाप्पा, आता तू मेलास असा निरोप आला तरी मी थांबायचा न्हाई.' हा बाबा जाऊन म्हणाला, ब्रेकच्या नळ्या खराब आहेत, उतरू नका, तर तो हसत हसत गाडी सोडेल. उलट जरा जोरातच सोडेल."

म्हातारा आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला.

"तू जा," हे म्हणाले. "तुझं त्याला पटेल. त्याला ठाऊक आहे, तू थट्टेतसुद्धा खोटं बोलत नाहीस."

"तुम्हाला असं टाकून?"

"माझा पाय मोडलाय. पाय मोडलेला माणूस दुपारपर्यंत थांबू शकतो."

"मी बसतो हितं," म्हातारा म्हणाला आणि खडीच्या ढिगावर टेकलासुद्धा. "म्हशीबी बसतील."

मी त्या वगळीकडे, पावसाच्या पाण्यानं पडलेल्या घळीकडे, बघितलं. दोन्हीकडून कारवीचं रान, मधे एक माणूस जाईल एवढी ओली, उभी वाट. अशा वाटेनं मी एकटी कधी गेले नव्हते. कुणाच्या गाडीपुढं आडवी कधी झाले नव्हते.

"काय सांगशील त्याला?" यांनी विचारलं.

"नळ्या कुजल्यात. उतरू नका."

"ऐकू नाही आलं."

"नळ्या कुजल्यात, उतरू नका!"

"आणि हे सांग, की जिन्नाप्पाची चूक आहे. त्याच्या नळ्या, त्यानंच बसवल्या. टपरीवर चार माणसं असतील, त्यांच्यादेखत सांग. हसला तर हसू दे. पण गाडी हलता कामा नये. मला वचन दे."

वचन देण्याआधी मी नेहमी थांबते. घेतलेला नियम मोडवत नाही, म्हणून घेताना दहादा विचार करते. त्या दिवशी थांबले नाही. यांच्या हातावर हात ठेवला. त्या तळहातावर अजून रबराची काळी पूड होती.

"दिलं," मी म्हटलं.

आपला रुमाल काढून त्यांनी माझ्या कपाळावर बांधला आणि गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

पायाखाली जीव चिरडू नये म्हणून मी जन्मभर खाली बघून चालत आले आहे. त्या वगळीत मुंग्यांची भलीमोठी रांग वाट ओलांडत होती. पहिल्या पावलालाच दिसली. मी मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली, पदर खोचला, आणि घाटमाथ्याकडे नजर लावून चढायला लागले.